तिसऱ्या पानावरचं दुकान

माझ्या बायकोच्या नाकावर राग असतो, हे आमच्या ओळखीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या महिन्यात तिची जी चुळबुळ चालली होती, तिच्यापेक्षा राग परवडला असता. सकाळी उठल्याउठल्या, तोंडसुद्धा न धुता, ती मोबाईलवर ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ असं टाकायची आणि स्वतःचंच दुकान शोधत बसायची. चहा उकळेपर्यंत पुन्हा एकदा, चहा पिताना पुन्हा. मी म्हटलं, “अगं, मघापासून आतापर्यंत काय बदलणार आहे?” त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कप उचलून मुकाट बाहेरच्या खोलीत गेलो.

दुकान मूळचं तिच्या वडिलांचं. मागच्या गल्लीत, जिन्याखाली एक लांबट खोली, तेलाचा वास, भिंतीला टांगलेले पट्टे आणि टेबलावर पोट उघडं टाकून पडलेली मशीनं. वडील गेल्यावर तिच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, मनात आलं की आता नवी मशीनं विकायची. ही म्हणाली, जुनीच दुरुस्त करायची. “तुला दुकान नाही, दवाखाना चालवायचाय,” असं तो बोलला, आणि ही जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने मोठ्या रस्त्यावर काचेचं दुकान काढलं. सुरुवातीला त्याचे फोन यायचे, ही उचलायची नाही. मग फोन यायचे थांबले. त्याच्या दुकानाची वेबसाइट आमच्या घरात उघडायची नाही, हा नियम कोणी केला नव्हता, पण मोडायची माझी छाती नव्हती.

पूर्वी लोक विचारत विचारत गल्लीत यायचे. आता कोणी कोणाला विचारत नाही, सगळे फोनला विचारतात. आणि फोन काय सांगायचा? सगळ्यात वर दादाचं दुकान. आमचं तिसऱ्या पानावर. तिसऱ्या पानापर्यंत फक्त दोन माणसं जात असणार, एक ही आणि दुसरा मी.

त्यातच कपड्यांच्या कारखान्यातून तिला बोलावणं आलं. तिथल्या मशीनांची देखभाल करायची, बसायला स्वतंत्र खोली, महिनाअखेरपर्यंत काय ते कळवा. तिने मला ऐकवलं, “तोवर दुकान पहिल्या पानावर आलं तर ठीक. नाहीतर कुलूप लावते आणि जाते.” म्हटलं, जा की, चांगली नोकरी आहे. तर म्हणाली, “अहो, तिथे सगळी मशीनं एकसारखी. एकाचं दुखणं कळलं की सगळ्यांचं कळलं. मग दिवसभर मी करू काय?” आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

मग एक सल्लागार गाठला. वेबसाइट वर आणून देणं हाच त्याचा धंदा. बोलताना एका पायाने सतत ताल धरायचा, त्यामुळे हिची चुळबुळ आणखीच वाढायची. तो म्हणाला, “दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे मजकूर. लोक जे विचारतात त्याचं नीट उत्तर तुमच्या साइटवर हवं. दुसरी म्हणजे लिंक. इतरांच्या साइटवरून तुमच्या साइटकडे लिंक हव्यात. चार जणांनी तुमचं नाव घेतलं, की सर्चलाही वाटतं, यांच्यात काहीतरी दम आहे.”

मजकुराचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी जन्मभर शाळेत भाषा शिकवली. मोठ्या हौसेने बसलो आणि सुरुवात केली, ‘मानवी संस्कृतीच्या वाटचालीत सुईचे स्थान अनन्यसाधारण आहे.’ तिने वाचलं आणि म्हणाली, “हे संपेपर्यंत बाई मशीन भंगारात देऊन मोकळी होईल. लिहा, मशीन टाके सोडत असेल तर आधी सुई उलटी बसलीय का ते बघा.”

“एवढंच?”

“बायका एवढंच विचारतात.”

मग ती काम करता करता सांगायची आणि मी लिहून घ्यायचो. दोरा सारखा का तुटतो, खाली दोऱ्याचा गुंता का होतो, पट्टा किती ताणायचा, तेल कुठे घालायचं आणि कुठे चुकूनही घालायचं नाही. खरं सांगतो, एवढं सरळ लिखाण माझ्या हातून कधी झालं नव्हतं. दुकान हळूहळू दुसऱ्या पानावर आलं. सल्लागार म्हणाला, आता धीर धरा, लिंक आपोआप येत जातील.

धीर हा शब्द हिच्यापुढे काढायला नको होता. महिना सरत चालला होता. ही दुकानात टिकेना, घरात थांबेना, एखादं मशीन अर्धवट उघडायची आणि फोन बघायला उठायची. शेवटी सल्लागाराच्या मानगुटीवरच बसली. तो आधी नको नको म्हणाला, मग त्याने ओळखीच्या कुणाकडून तरी लिंकचा गठ्ठाच मिळवून दिला. शे-दीडशे साइट एका झटक्यात आमच्याकडे वळल्या. त्यात वजन उतरवायच्या गोळ्या होत्या, पत्त्यांचे जुगार होते, कुत्र्यांची बिस्किटं होती. मी विचारलं, “जुगारी माणसाला शिलाई मशीन कशाला लागतं?” ती म्हणाली, “हरल्यावर फाटकं शिवायला,” आणि कितीतरी दिवसांनी हसली. कारण दुकान पहिल्या पानावर आलं होतं.

हे सुख आठवडाभरही टिकलं नाही. एका सकाळी दुकान पहिल्या पानावर नव्हतं, दुसऱ्यावर नव्हतं, तिसऱ्यावरही नव्हतं. आम्ही खाली खाली जात राहिलो, शेवटी पानं संपली.

सल्लागार दुपारी आला. पायाचा ताल बंद होता. “पकडले गेलो,” तो म्हणाला. “विकतच्या लिंक आहेत हे सर्चला कळलंय. आता सफाई करायची. कुठल्या लिंक मोजू नका ते त्यांना कळवायचं. माणसं त्या लिंकवरून तुमच्याकडे येऊ शकतात, पण सर्च त्या जमेस धरणार नाही.”

आम्ही तिघं टेबलावरची मशीनं बाजूला सारून लॅपटॉपपुढे बसलो. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या लिंकची यादी उघडून सल्लागार एकेक नाव वाचायचा, ही म्हणायची “काढा.” गोळ्या काढा. जुगार काढा. आणि मध्येच तो थांबला. नाव दादाच्या दुकानाचं होतं.

हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हा इथे काय करतोय?”

“कधीकधी असं होतं,” सल्लागार चाचरत म्हणाला. “दुसऱ्याला बुडवायला त्याच्या नावावर घाणेरड्या लिंक टाकणारे लोकही असतात.”

एवढं तिला पुरलं. गठ्ठा तिनेच मागून घेतला होता, हे ती त्या क्षणी साफ विसरली. आता सगळं पाप दादाचं झालं. आधी दुकान फोडलं, मग गिऱ्हाईकं पळवली, आता नावही पुसून टाकायला निघाला. मी म्हटलं, “उघडून तर बघू काय लिहिलंय.”

“त्यात बघायचं काय? मी ओळखते त्याला. काढा, आणि सगळ्यात वर लिहा.”

सल्लागाराने लिहिलं आणि पाठवून दिलं. ती खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. उलट ती मघापेक्षा जास्तच तडफडत होती.

दोन दिवसांनी दुपारी एक शिवणकाम करणारी बाई रिक्षातून एक जुनं काळं मशीन घेऊन आली. उतरवताना आम्हा दोघांची कंबर मोडायची वेळ आली. हिने चाक फिरवलं, कान लावला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे हात शांत झालेले मी पाहिले. “खालचा दोरा ओढणारं शटल झिजलंय,” ती म्हणाली. “होईल. पण तुम्हाला इथला पत्ता मिळाला कसा? आम्ही तर कुठे दिसतच नाही.”

“मी मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाची साइट बघत होते ना,” बाई म्हणाली. “म्हटलं, नाही झालं तर नवीन घेऊन टाकू. तर तिथेच तुमचं लिहिलंय.” आणि तिने फोन पुढे केला.

हिच्या हाताला तेल होतं, म्हणून फोन मी धरला. आम्ही दोघांनी वाचलं. लिहिलं होतं: ‘जुनं मशीन असेल तर नवीन घ्यायची घाई करू नका. आमच्याकडे जुनी मशीनं दुरुस्त होत नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीकडे जा. आमच्या वडिलांचा हात तिच्याकडे गेला, माझ्याकडे नुसतं दुकान आहे.’ त्याखाली आमची लिंक.

“हे कधीपासून आहे?” हिने विचारलं.

“कोण जाणे. माझी बहीण दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे आली होती, तीही हेच वाचून.”

बाई गेली. ही स्टुलावर बसली. आजवर जी जी माणसं ‘मोबाईलवर बघून आलो’ म्हणत आली होती, ती एकेक तिला आठवत असावीत, कारण मधूनच ती म्हणायची, “ती चष्मेवाली... तो पडदे शिवणारा...” मग तिने तोंड झाकून घेतलं, तेलकट हातांनीच, आणि रडायला लागली. मला वाईट वाटलं आणि दादाचा संतापही आला. असं गुपचूप चांगलं वागून दुसऱ्याला तोंडघशी पाडायचं, ही कुठली रीत?

सल्लागाराला फोन केला. तो म्हणाला, नाव परत घेता येईल, पण सर्चने मनावर घ्यायला कित्येक आठवडे लागतील. महिनाअखेर तर उद्यावर आली होती.

तिने तोंड पुसलं, म्हणजे तेल आणखी पसरलं, आणि दादाला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला त्याने. आवाज बाहेर ऐकू येत होता.

“छोटे?”

“दादा, तुझी लिंक होती ना, ती मी काढून टाकली. घाण आहे म्हणून कळवलं. तुझं नाव सगळ्यात वर लिहिलं.”

 तो म्हणाला, “काढलीस तर काढलीस. गिऱ्हाईक दुकानात येतं तेव्हा मी तोंडानेही सांगतोच.”

“मग मला कधी तोंडाने का नाही सांगितलंस?” ही ओरडलीच.

“तू फोन उचलत होतीस का?”

 तिने माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर माझ्याकडे होतं. मी खाली बघितलं. पलीकडे त्याच्या दुकानात कुणीतरी मशीन चालवून बघत होतं, त्याची घरघर तेवढी येत होती.

“कारखान्यात जातेयस म्हणे,” तो शेवटी म्हणाला. “त्यांना मशीनं मीच देतो, तिथे कानावर आलं. मग मी लोकांना पाठवू कुठे? ती पानावरची ओळ काढू का?”

“हात लावू नकोस तिला.”

“म्हणजे कारखान्याला नाही म्हणून कळवलंस?”

“कळवलं,” ती म्हणाली. आणि फोनवर तळवा दाबून धरत मला दटावलं, “अहो, बघत काय बसलात? कळवा ना लगेच!”