गावेनोताने कांडलेली शिदोरी

मी उखळी बोलतेय. तेगांदाच्या पराक्रमाच्या गोष्टी पुरुष शेकोटीभोवती रंगवून सांगतात. त्यांत माझं नाव येत नाही, म्हणून आज मीच तोंड उघडते.

काळ्या ओकच्या बुंध्यातून माझा जन्म झाला. गावेनोताच्या आजीने निखारे ठेवून, जळलेलं शिंपल्याने खरवडून माझं पोट कोरलं. पुढे मी गावेनोताकडे आले. ती आमच्या लांडगा कुळाची माता. आम्हा ओनायडा जमातीत घर बाईचं, शेत बाईचं, मकाही बाईचाच. बायकांनी कांडलेलं पीठ आणि शिवलेले जोडे मिळाल्याशिवाय एकही लढवय्या गावाची वेस ओलांडत नाही. मग तो कितीही मोठा असो.

तेगांदा मोठाच होता. गावेनोताच्या बहिणीचा मुलगा, आमचा युद्धनायक. आमच्यात मावशीलाही आईच म्हणतात.

"आई, शिदोरी हवी," तो म्हणाला. "समुद्रापलीकडच्या गोऱ्या राजाच्या फौजेने दरीतल्या किल्ल्याला वेढा घातलाय. राजाविरुद्ध उठलेले आपले गोरे शेजारी तो सोडवायला निघालेत. पुढे वाट दाखवायला आम्ही."

"राजाच्या बाजूने कोण कोण आहे?"

तेगांदा खाली बघू लागला. "सेनेका जमात. मोहॉक जमात."

"म्हणजे आपलीच माणसं! आपली पोरं लग्न करून तिकडे बायकोच्या घरी नांदायला गेलीत. त्यांच्यावर चालून जायला मी मका कांडू?"

ती उठून शेतावर गेली. एकाही बाईने मुसळाला हात लावला नाही. अंगणात लढवय्ये नुसते बसून राहिले.

सकाळी तेगांदा आला. तोंडाला रंग, डोक्यावर पिसं. आला तो थेट माझ्यापाशी, आणि त्याने स्वतःच मुसळ उचललं! पहिलाच घाव असा घातला की भाजलेला मका उडून त्याच्याच नाकावर बसला.

"अगं, या गं या! युद्धनायक कांडतोय!" शेजारीण ओरडली. बायकांचा घोळका जमला.

"माझा घागरा देऊ का रे नेसायला?"

"आमच्या घरी पाण्याचं भांडंसुद्धा उचलत नाही हो हा!" ही त्याची बायको.

"मका आहे तो, मेल्या, शत्रू नाही," गावेनोता म्हणाली. मी मात्र हसले नाही. तो चेष्टेने कांडत नव्हता, ते त्याच्या घावांतून मलाच कळत होतं.

"हसा पोटभर," तो म्हणाला. "पण दरीतला किल्ला पडला की त्या वाटेवर पुढचं गाव आपलं आहे. राजाची फौज आपल्याला विचारून थांबणार नाही. आपली पिकं बुडाली तेव्हा या शेजाऱ्यांनी धान्य दिलं, त्यांना आता एकटं सोडायचं? आई, तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही. पण पाठ फिरवून शेतावर जाऊ नकोस. माझ्या तोंडावर सांग."

गावेनोता माझ्यापाशी आली.

"हो बाजूला," ती म्हणाली. "सगळा मका मातीत घालशील."

आणि तिने मुसळ घेतलं.

काय सांगू तुम्हाला! बायका पाळीपाळीने माझ्यावर घाव घालू लागल्या. मग शेजारची उखळी, मग पलीकडची. अख्खं गाव धडधडू लागलं. पिठात मेपल झाडाच्या रसाची साखर पडली, पिशव्या भरल्या, आणि तेगांदा निघाला.

किल्ल्याच्या वाटेवर, ओढ्याच्या खिंडीत शत्रू दबा धरून होता. पुष्कळ माणसं पडली, पण आमचे हटले नाहीत. पुढे वेढा उठला, किल्ला राहिला. पडलेल्यांसाठी गावेनोता रडली. आपल्या बाजूच्यांसाठी रडली, तिकडच्यांसाठीही.

मग गोऱ्या शेजाऱ्यांच्या फौजेचा एक अधिकारी गावात आला, छातीवर चकचकीत बटणं. त्याने तेगांदापुढे टोपी काढली. "नायक, तुमच्यामुळे..."

"मला कशाला सांगतोस?" तेगांदाने मावशीकडे बोट केलं. "ही नको म्हणाली असती तर मी इथेच बसून राहिलो असतो. तिच्यापुढे वाक."

अधिकारी गोंधळला. पण वाकला! माझ्यापाशी, पिठाने पांढऱ्या झालेल्या बाईपुढे वाकला.

"उभा का रे?" गावेनोता म्हणाली. "बस. खा आधी."

आता मला तडा गेलाय, सालीच्या दोरीने आवळून ठेवलंय. गावेनोताची पणती अजून माझ्यातच कांडते. तेगांदाची गोष्ट जरूर सांगा, तो होताच तसा. पण सांगताना तो गावातून कुणाच्या होकाराने निघाला, तेही मोठ्याने सांगा. नाही सांगितलंत तर माझ्या अंगणात जेवायला येऊ नका.