चेहरा जुळत नाही

“त्या फोनले सांग, बुढा मेला म्हनून,” सोजरबाई म्हणाल्या. “मंग उघडते का पाह्य.”

फोनला कुणाचं मरण कळवायची सोय अजून एकाही कंपनीनं दिलेली नाही. दिलीच तर आधी ओटीपी मागतील, आणि तो मेलेल्याच्याच नंबरवर जाईल.

वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या बस स्टँडसमोर माझं मोबाईलचं दुकान आहे. सोजरबाईंचे यजमान पुंजाजीकाका सकाळी वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकायचे आणि दुपारी माझ्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना फुकट मतं द्यायचे. “हा नको घेऊ, साबनाच्या वडीवानी घसरते.” “चार कॅमेरे कायले पाह्यजे? तुले डोये किती हायेत?” माझा अर्धा धंदा काकांनी बसवला, अर्धा बुडवला. संध्याकाळी घरच्या ओट्यावर बसून तीच मतं ते स्वतःच्या फोनमध्ये बोलून ठेवायचे. कंपनीला पाठवणार होते. कोणत्या कंपनीला, ते ठरलं नव्हतं.

आता काका नव्हते आणि फोनला कुलूप होतं. सोजरबाईंना फक्त त्यांचा आवाज हवा होता. इतक्या वर्षांच्या संसारात आवाज साठवून ठेवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुलपाचा नंबर काका सोबत घेऊन गेले. फोन पुसून नवा करता आला असता, पण मग आवाजही पुसला गेला असता. राहता राहिला चेहरा.

“फोटो दाखव नं बापा त्याले,” शेजारचा चहावाला देवमन स्टुलावरून म्हणाला. काका गेल्यापासून स्टूल त्याच्याकडे आलं होतं.

फोटो होता. तेरवीसाठी त्यांच्या मुलानं, गणेशनं स्टुडिओतून करून आणलेला. स्टुडिओवाल्यानं काकांना निळा कोट चढवला होता, टाय बांधला होता, गाल गोरे केले होते आणि मागे बर्फाचे डोंगर उभे केले होते. आमच्याकडे माणूस मेल्याशिवाय त्याला कोट मिळत नाही. मी फोटोवरचा हार बाजूला केला आणि फोन समोर धरला.

चेहरा जुळत नाही.

“इमानदार फोन हाय,” देवमन म्हणाला. “म्या बी नसता वयखला.”

मग गणेश पुढे झाला. तो पुण्यात नोकरीला असतो, पण सगळं गाव त्याला बापाची झेरॉक्स म्हणतं. सोजरबाईंनी पिशवीतून काकांचा चष्मा आणि दुपट्टा काढला. गणेशनं चष्मा लावला, दुपट्टा डोक्याला बांधला. मला क्षणभर वाटलं, आता हा एखादं मत देईल.

चेहरा जुळत नाही.

“मी इतका बदललो का बे?” गणेशनं मला विचारलं. मी स्क्रीन पुसत राहिलो.

“आता आखरी खेप,” मी म्हणालो. “आता चुकलं तं थो नंबरच मांगन. मंग माह्या हातात काई नाही राहात.”



“आन इकडं,” सोजरबाई म्हणाल्या. “काय लिहून येते थे मले तं पाहू दे.” वाचायला चष्मा हवा म्हणून त्यांनी काकांचाच लावला. दारातून ऊन तोंडावर येत होतं म्हणून दुपट्टाही डोक्याला गुंडाळला आणि फोन तोंडासमोर धरला.

फोन उघडला.

देवमन स्टुलावरून उठला. घरात वडीलधारं माणूस आलं की उठतात, तसा. मी सोजरबाईंकडे पाहिलं. भुवयांमधली ती घडी, डाव्या बाजूला ओढलेले ओठ. मिशी तेवढी नव्हती. फोननं तिकडे दुर्लक्ष केलं.

त्यांनी घाबरून चष्मा काढला. फोन मिटला. पुन्हा लावला, पुन्हा उघडला. फोनला सोजरबाई चालत नव्हत्या.

“आये, आता काढू नको थो चष्मा,” गणेश हळूच म्हणाला. मी घाईघाईनं सगळी मतं काढून घेतली आणि गणेशनं आईसाठी घेतलेल्या नव्या, महागड्या फोनमध्ये भरून दिली. काम फत्ते झालं असं मला वाटलं. गणेश पुण्याला गेला.

थोड्याच दिवसांत सोजरबाई नवा फोन परत घेऊन आल्या.

“खराब हाय का, काकू?”

“आवाज मोठा हाय, साफ बी हाय. पन मानूस दुसरा हाय.”

“तेच रेकॉर्डिंग हाय, काकू. जसंच्या तसं.”

“तू दुकानदार. तू असंच म्हनशीन.” त्यांनी जुन्या फोनला नवा चार्जर मागितला. तो फोन एकदा बंद पडला की चेहरा मानत नाही, आधी नंबर मागतो, हे मीच त्यांना सांगून ठेवलं होतं. माझ्याकडे त्या मापाचा चार्जर नव्हता. वाशिमहून मागवला आणि द्यायला स्वतः गेलो.

दिवस मावळायचा होता. ओट्यावर त्या एक पाय दुमडून, भिंतीला टेकून बसल्या होत्या. चष्मा, दुपट्टा.

“काकू,” मी हाक मारली. “काकू, चार्जर आनला.” मान वळली नाही. मग माझ्या तोंडून निघून गेलं, “काका?”

त्यांनी वळून पाहिलं. “बस,” म्हणाल्या.

मी बसलो. काय करणार?

हातातल्या फोनमधून काका बोलत होते. “बॅटरी चांगली हाय. पन कंपनीले मानसाच्या हाताचा अंदाज नाही. हे बटन अशा जागी देल्लं का फोन उचलला का दबते. बनवनाऱ्यानं हा वापरून पाह्यला का नाही, मले सांगा...” मध्येच मागून, रेकॉर्डिंगमधल्या घरातून, सोजरबाईंचा आवाज आला. खणखणीत, थोडा चिडलेला. “अवो, या नं जेवाले! भाकर थंडी होऊन राह्यली.”

ओट्यावरच्या बाईनं फोन खाली ठेवला. मोरीवर जाऊन हातपाय धुतले, दुपट्ट्याला पुसले. आत भिंतीशी पाट मांडलेला होता, त्यावर मांडी घातली. चूल थंड होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी समोरची जमीन ताटापुरती हातानं झाडली आणि कुणीतरी वाढेल म्हणून स्वयंपाकघराकडे पाहत बसल्या.