दुसरा बार

"आत्या, बसा की जरा. सकाळपासून बघतोय, पायाला नुसती भिंगरी लागलीय तुमच्या," असं म्हणत मुख्य पंचांनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

आत्या बसल्या, आणि बसल्या-बसल्याच उठल्या. शर्यत सोडायच्या पिस्तुलात काडतुसं भरलेली होती तरी पुन्हा एकदा उघडून बघितली. गळ्यातली शिट्टी उगाचच सरळ केली.

"मुलींची साठ मीटर फायनल आहे आता," पंच जरा आवाज खाली आणून म्हणाले. "तुमची भाची आहे ना त्यात? मी काय म्हणतो, एवढी एक शर्यत नव्या सरांना सोडू देऊ या का?"

"का? माझा हात लुळा पडलाय?"

"तसं नाही हो..."

"रेषेवर आल्या की सगळ्या सारख्या. भाची घरी."

पंचांनी खुर्ची परत मागे घेतली. हायस्कूलच्या मुलामुलींच्या या वार्षिक स्पर्धेत आत्यांच्या तोंडाला लागायचं नसतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

स्पर्धा बंदिस्त हॉलमध्ये व्हायची. वर पत्र्याचं उंच छप्पर, खाली लाल रबरी धावपट्टी आणि दोन्ही बाजूंना चढत गेलेल्या बाकांवर खच्चून भरलेले आईबाप. एका कोपऱ्यात लांब उडीची वाळू, दुसऱ्या कोपऱ्यात गोळाफेक. बामाचा आणि घामट मोज्यांचा वास. इथे आवाजाला बाहेर जायला वाटच नव्हती. टाळी वाजली तरी छपरापर्यंत जाऊन परत यायची. आणि पिस्तुलाचा बार निघाला की पहिल्यांदा आलेली आई हमखास छातीवर हात ठेवायची.

तो बार काढायचं काम आत्यांचं. एरवी त्या एका मोठ्या लॉण्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभ्या असायच्या. यंत्रांच्या घरघरीवर ओरडून ओरडून आवाज असा खणखणीत झाला होता, की धाकट्या भावाची शर्यत बघायला आल्या असताना आयत्या वेळी शर्यत सोडणारा स्टार्टर आला नाही म्हणून तेव्हाच्या पंचांनी त्यांच्याच हातात पिस्तूल दिलं. त्या दिवसापासून ते त्यांच्याकडेच राहिलं. मुलं त्यांना 'ठोआत्या' म्हणायची. लॉण्ड्रीत मालकाचा पोरगाही त्यांना "ए बाई" म्हणून हाक मारायचा. चादरीवर डाग राहिला तर चारचौघांत बोलणी बसायची. पण इथे त्यांनी "सेट" म्हटलं की अख्खा हॉल श्वास धरायचा. त्यांनी परत बोलावलं तर कितीही मोठ्या शाळेचा कोच असो, मुकाट्याने मान खाली घालायचा. इतक्या वर्षांत त्यांच्या निर्णयावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि हे त्या विसरतही नव्हत्या.

लग्न केलं नव्हतं. खाली भावाचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज, त्याच्या मागे त्याचं बिऱ्हाड, आणि वरची एक खोली आत्यांची. रात्रीचं जेवण खालीच. भावाची मुलगी जन्मली तीच घर डोक्यावर घेत, म्हणून तिचं नाव पडलं टिटवी. ती पळायला लागली तशी गॅरेजमागच्या गल्लीत आत्याच तिचा सराव घ्यायच्या. "सेट" म्हणायचं आणि टाळी वाजवायची. टाळीबरोबर टिटवी सुटायची. यंदा तिचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. फायनलला पहिल्या तिघींत आली तर पुढच्या मोठ्या स्पर्धेत, नाहीतर संपलं.

सकाळी निघताना भाऊ हात पुसत म्हणाला होता, "तू आहेस ना तिथं, ताई? मग मला घोर नाही."

साधंच बोलला होता तो. पण आत्यांच्या मस्तकात तिडीक गेली. "मी आहे म्हणजे काय? काय करणार आहे मी? असलं काही तोंडातून काढू नकोस." भावजय डबा भरता भरता थांबली. टिटवीने बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. तेव्हापासून आत्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

फायनलची घोषणा झाली. आठ मुली रेषेमागे आल्या. टिटवी चौथ्या लेनमध्ये, तिच्या शेजारी पाचव्या लेनमध्ये लाल रिबीन बांधलेली एक उंच मुलगी. टिटवीने एकदाही आत्यांकडे पाहिलं नाही. तसं त्यांचं ठरलंच होतं.

आत्या रेषेशेजारच्या ठोकळ्यावर चढल्या. "ऑन युअर मार्क्स."

आठ जणी खाली बसल्या, बोटं रेषेला लागली. बाकांवरची कुजबुज विरली.

"सेट."

आठ पाठी वर आल्या. एरवी आत्या या क्षणी कुणा एकीकडे बघायच्या नाहीत. टेबलावर पसरलेल्या चादरीवरून नजर फिरवावी आणि चुणी आपोआप दिसावी, तसं त्या आठही जणींना एकदम बघायच्या. आज चादर दिसलीच नाही. दिसला तो फक्त चौथ्या लेनमधला खांदा. तो हलला.

ठो! आणि त्याच्या पाठोपाठ, बोट मागे येण्याआधीच, ठो!

दुसरा बार म्हणजे कुणीतरी आधीच हललं, सगळ्यांनी परत; आणि जी हलली ती बाद. मुली दहा-बारा पावलांवर धडपडत थांबल्या आणि कमरेवर हात ठेवून मागे वळल्या. आत्या उतरल्या, चौथ्या लेनसमोर गेल्या आणि खिशातून लाल कार्ड काढून वर धरलं.

टिटवीचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्या, मी नाही हलले."

"बाहेर हो."

"आत्या, खरंच..."

"बाहेर हो म्हटलं ना!"

दुसऱ्या कुठल्याही मुलीला त्यांनी असं दरडावलं नसतं. टिटवी ओठ चावत रेषेपासून दूर झाली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. वरून भावाची हाक आली, "ताई!" एवढीच. मग बाकांवर कुणीतरी टाळी वाजवली, दुसऱ्याने वाजवली, आणि बघता बघता ती पसरली.

"याला म्हणतात पंच!" एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले. "सख्ख्या भाचीला काढलं बाईंनी, पापणी नाही लवली!"

आत्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. छान वाटलं. आणि छान वाटलं हे लक्षात आलं तसं त्यांनी वर धरलेलं कार्ड चटकन खाली घेतलं.

आपण नक्की काय पाहिलं? खांदा हलला, हे खरं. पण बाराच्या आधी की बाराबरोबर? पाचव्या लेनमध्येही काहीतरी लाल फडफडल्यासारखं झालं होतं का? तिकडे आपली नजर होती कुठे? आपण तर चौथ्या लेनवर डोळे रोवून बसलो होतो. ती हलेल म्हणून वाट बघत. तिच्या जागी दुसऱ्या कुणाची पोर असती तर बोट पुन्हा दाबलं गेलं असतं का?

उरलेल्या सात जणी परत रेषेमागे आल्या होत्या. लाल रिबीनवाली मान खाली घालून नखं खात होती. तिचं काही चुकलं होतं असंही म्हणवेना. पोरी अशाच घाबरतात.

"चला आत्या, उशीर होतोय," मागून कुणी म्हणालं.

आत्या ठोकळ्यापर्यंत गेल्या. एक पाय वर ठेवला. मग तो खाली घेतला आणि तडक मुख्य पंचांच्या टेबलाशी आल्या.

"माझी खात्री नाही."

पंचांना आधी कळलंच नाही. "कशाची?"

"चार नंबर आधी हलली याची. मला नक्की सांगता येत नाही. खात्री नसेल तर कुणालाच काढायचं नाही, असा नियम आहे. तिला परत घ्या."

पंचांनी चष्मा काढला. "आत्ता? कार्ड दाखवून झाल्यावर? आत्या, लोक काय म्हणतील कळतंय का तुम्हाला? आता टाळ्या वाजवतायत ना, तेच..."

"कळतंय."

"भाची नसती तर आला असतात का असं सांगायला?"

हा प्रश्न मात्र वर्मी बसला. "भाची नसती तर कार्डच दाखवलं नसतं बहुतेक," आत्या म्हणाल्या, आणि पिस्तूल टेबलावर ठेवलं. शिट्टी गळ्यातून काढून त्याच्या शेजारी ठेवली. "नव्या सरांना बोलवा. मला आता यातलं काही दिसायचं नाही."

घोषणा झाली. चौथ्या लेनची खेळाडू शर्यतीत आहे. बाकांवर गलका उठला. मघाचेच गृहस्थ उभे राहून म्हणाले, "वा! घरचाच मामला आहे की!" एका शाळेचे कोच टेबलावर हात आपटून गेले. टिटवी नाक पुसत आपल्या लेनमध्ये आली. तिने बोटं रेषेपासून वीतभर मागेच टेकली, हे भिंतीशी जाऊन उभ्या राहिलेल्या आत्यांनाही दिसलं.

नव्या सरांनी बार काढला. टिटवी सुटली, पण उशिरा. मघाची धास्ती पायात उतरली होती. पुन्हा आधी हललो तर, या भीतीने ती रेषेलाच चिकटून राहिली होती. अर्ध्यात तिने दोघींना मागे टाकलं, शेवटी आणखी एकीला, आणि चौथी आली. लाल रिबीनवाली तिसरी.

भाऊ खाली आला. रागाने तांबडा झाला असेल असं आत्यांना वाटलं होतं, पण तो नुसता उतरलेला होता.

"दोन्हीकडून घालवलंस, ताई," तो म्हणाला. "पोरीचंही आणि स्वतःचंही. दुसरा बार काढला नसतास तर ती गेली असती पुढे. काढलास तर काढलास, मग गप्प बसायचं होतं. निदान तुझं नाव तरी राहिलं असतं."

"हो."

"हो काय हो?"

"बरोबर बोलतोयस."

भावाने खिशातून किल्ली काढली. तो "मी गाडी काढतो" म्हणून निघून गेला.

टिटवी हॉलच्या मागच्या अंगाला, दुमडून ठेवलेल्या गाद्यांवर बसली होती. बूट काढलेले. आत्या जवळ गेल्या, पण शेजारी बसायचा धीर होईना. तशाच उभ्या राहिल्या. निकाल जाहीर होत होते, गोळाफेकीकडे कुणीतरी आनंदाने किंचाळत होतं.

टिटवीने मान वर केली. "आत्या, खरं सांग. मी हलले होते का?"

"माहीत नाही गं."

टिटवी मोजे उलटे करत राहिली. "मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "तेव्हा वाटलं, नाही हलले. आता वाटतंय, हलले असेन."

आत्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण टेकलीही नाही. "तू जा," ती म्हणाली. "मी येते आवरून."

आत्या बाहेर निघाल्या. दार हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतं. मुलांची फायनल लागत होती. सुरुवातीच्या रेषेमागे मुलांनी उतरवलेले ट्रॅकसूटचे कोट आणि विजारी एका टोपलीत कोंबून ठेवल्या होत्या. पळून झाल्यावर कपडे तिथेच मिळावेत म्हणून ती टोपली शेवटच्या रेषेपर्यंत न्यायची असते, पण न्यायला कुणी दिसत नव्हतं. आत्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग वाकून टोपली उचलली, काखेला लावली, आणि बाकांच्या कडेकडेने चालू लागल्या. बाकांवरून एक-दोघांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. एका लहान मुलीने ओळखून "ठोआत्या!" म्हणून हाक मारली, तिच्या आईने तिचा हात खाली ओढला.

चालता चालता वरचा कोट घसरायला लागला. तो त्यांनी काढला, झटकला, बाह्या आत घेऊन नीट घडी घातली आणि परत ठेवला.

"सेट," मागे नवे सर म्हणाले.

आत्यांनी वळून बघितलं नाही. बार निघाला आणि त्या दचकल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. टोपली हातातून सुटता सुटता राहिली. मुलं शेजारून सोसाट्याने निघून गेली. आत्यांनी टोपली दुसऱ्या काखेला घेतली आणि त्याच बाजूला चालत राहिल्या.