पट ऐंशी, हजर एक

शीलानं स्टीलच्या डब्याचं झाकण नखानं उचकटलं, आतला चार घड्यांचा कागद काढला आणि खिडकीच्या फळीवर ठेवून तळव्यानं सपाट करू लागली. घड्या मोडता मोडेनात. चार महिने कागद डब्यातच होता, कडेला चटणीच्या तेलाचा डागही पडला होता. डागावर बोट ठेवून तिनं कागद आत सरकवला.

खिडकीच्या आत कॉलेजचे बाबू जगदेव बसले होते. चष्मा कपाळावर चढवलेला, मोबाइल हातात.

"काय व्हय हे?"

"अर्ज हाये सर. रजेचा."

"कायची रजा?"

"दिवाळीपासून आली नाई मी. तोडीले गेलती मायबापासंग. नाव कटलं असन तर..."

नाव कटलं असेल तर काय, ते घरी आधीच ठरलं होतं. परवा ट्रकमधून बोचकी उतरवताना तिचा बाप हेमसिंग म्हणाला होता, "जाऊन पाय. नाव असन तर शीक, मी आडवा येत नाई. कटलं असन तर मंग आपला कोयताच बरा." आई भुरीबाईनं शीलाच्या कॉलेजच्या कपड्यांचं गाठोडं वेगळं काढून खुंटीला टांगलं होतं.

जगदेवबाबूंनी चष्मा नाकावर घेतला आणि कागद जरा लांब धरून वाचायला लागले. शीला बोटं मोजत उभी राहिली. अर्जात चूक नव्हती, एवढी तिला खात्री होती. प्रति, विषय, महोदय, सगळं जिथल्या तिथं. विषय तर तिनं खाली रेघ मारून लिहिला होता: ऊसतोडणीसाठी आईवडिलांसोबत बाहेरगावी जात असल्यामुळे रजा मिळणेबाबत.

असा अर्ज तिला गावंडे सरांनी शिकवला होता. पंजाबराव गावंडे म्हणजे तांड्याजवळच्या हायस्कूलचे हेडमास्तर. मराठीच्या पुस्तकातल्या नमुन्यात 'ताप आल्यामुळे' असं कारण छापलेलं. सर म्हणायचे, ताप आला असला तर ताप लिहा, बकऱ्या चारायला गेले असाल तर बकऱ्या लिहा. दिवस बुडाला तर बुडाला, वर खोटं कायले बोलता? पण दिवस बुडूच द्यायचा नाही, हा त्यांचा खरा हट्ट. साडेदहाला घंटा, प्रार्थना, आणि मग हजेरी. नाव घेतलं की ताठ उभं राहून 'हजर सर' म्हणायचं. बसल्या बसल्या पुटपुटलं तर गैरहजर. मग फळ्याच्या कोपऱ्यात तारीख आणि खाली लिहायचं, पट इतका, हजर इतके. दोन आकड्यांत फरक दिसला की सरांचा जीव खालीवर व्हायचा. दोन पोरं घरी पिटाळायची, ती रिकाम्या हातानं परतली की सर स्वतः मोटरसायकलला किक मारायचे.

शीला आठवीत होती तेव्हा तांड्यावर तोडीचा ट्रक लागला होता. बोचकी चढली, बकरी चढली, शीलाही चढली. तेवढ्यात सरांची गाडी धुरळा उडवत आली ती थेट ट्रकच्या तोंडाशी उभी राहिली. सर हेमसिंगशी तासभर भांडले, हात जोडले, पुन्हा भांडले. शेवटी शीलाचं दप्तर त्यांनी स्वतःच्या हातानं खाली उतरवलं. त्या वर्षी शीला तांड्यावर आजीपाशी राहिली. नववीला राहिली, दहावीलाही राहिली. तीन वर्षांत एक खाडा नाही. हा डबा त्याचंच बक्षीस. झाकणावर कोरलेलं होतं, 'कु. शीला हेमसिंग राठोड, पूर्ण हजेरी'. दहावी झाली तशी सरांची नोकरी संपली, ते शेलूबाजारला आपल्या घरी गेले. पावसाळ्यात आजी वारली.

आणि शीला मानोऱ्याला अकरावीत गेली.

कॉलेज म्हणजे हायस्कूलच्या वरचं काहीतरी, असं तिला वाटलं होतं. वरचं म्हणजे अजून कडक. तांड्यावरून इंझोरीपर्यंत पायी, तिथून जीप, असं करत ती पहिल्या दिवशी साडेदहाच्या आत पोचली आणि पहिल्या बाकावर बसली. घंटा झालीच नाही. दुपारी एक सर आले, पाच डोकी पाहून म्हणाले, "पोरं जमू द्या मंग सुरू करू," आणि गेले. पोरं कुठून जमणार? कोणी क्लाससाठी अकोल्याला, कोणी पुण्याला कंपनीत, दोघींची तर लग्नं झालेली. नावं तेवढी इथं. ज्याला त्याला दाखला हवा होता आणि कॉलेजला पट हवा होता, दोघांचंही भागत होतं. आंधळं दळत होतं, कुत्रं पीठ खात होतं, आणि जात्याचा आवाज मात्र अगदी वेळेवर येत होता.

तरी शीला जात राहिली. सवयच तशी लागलेली. कॉलेजातल्या सरांना तिचं नाव ठाऊक नव्हतं. ते "ओ पोरी" म्हणायचे, नाहीतर काहीच म्हणायचे नाहीत. नाव घेऊन कोणी हाक मारेल म्हणून ती कितीतरी दिवस पाठ ताठ करून बसायची. बारा सप्टेंबरला तर वर्गात ती एकटीच होती. आदल्या रात्री नाल्याला पूर आला होता, ती सलवार गुडघ्यापर्यंत वर धरून पलीकडं आली होती. एका मॅडमनी दारातून डोकावून विचारलं, "एकटीच? जा बाई घरी." ती गेली नाही. चिखलाच्या पायांनी फळ्याशी गेली, खडूचा तुकडा शोधला आणि कोपऱ्यात नीट अक्षरात लिहिलं: १२ सप्टेंबर. पट ८०, हजर १. मग बाकावर बसून तिनं इतिहासाचा एक धडा आपला आपणच वाचला, मोठ्यानं.

दिवाळी झाली आणि ट्रक आला. आता तांड्यावर ठेवायला आजी नव्हती, दादा राजपालही संगच निघालेला. शीलानं अर्ज लिहिला, पण द्यायचा कोणाला? कॉलेजला सुट्टी. ट्रक मानोऱ्यातून निघाला तेव्हा तिनं बोचक्यांवर उभं राहून पाहिलं, फाटकाला कुलूप होतं. तिनं अर्ज डब्यात ठेवला.

तिकडं सांगलीच्या बाजूला उसाच्या मोळ्या बांधताना बांधावरून मोटरसायकल गेली की तिची मान वर व्हायची. वेडेपणाच तो. दोनशे कोसांवर कोण मास्तर येतो? पण कॉलेजच्या फॉर्मवर राजपालचा नंबर होता, निदान फोन तर येईल. दर आठ दिवसांनी ती त्याला विचारायची, "कॉलेजचा फोन आला काय?"

"कंपनीचा आला," राजपाल सांगायचा. "रिचार्ज मारा म्हने."

चार महिन्यांत तिला कोणी विचारलं नाही. ते तिला उसाच्या पातीपेक्षा जास्त कापत होतं, आणि हे सांगावं असं जवळ कोणी नव्हतं.

"शीला हेमसिंग राठोड," जगदेवबाबू म्हणाले.

शीला सवयीनं ताठ झाली.

त्यांनी कपाटातून कॅटलॉग काढला. हजेरीचं ते लांबट बुक शाळेतल्यासारखंच होतं, फक्त कोरं करकरीत. पानं बोटांना चिकटत होती. शीलाला वाटलं, आता लाल शाईची रेघ दिसणार. बाबूंचं बोट खाली खाली आलं आणि थांबलं.

"तू तर हजर हायेस."

"नाई सर, मी नव्हती."

"हे पाय ना. नोव्हेंबर हजर. डिसेंबर हजर. जानेवारी, फेब्रुवारी. रोज हजर." त्यांनी बुक खिडकीकडं फिरवलं.

तिच्या नावापुढं एका शाईत, एका हातानं, ओळीनं 'ह' मांडलेले होते. तिच्यावर आणि तिच्याखाली, साऱ्या ऐंशी नावांपुढं तेच. नाव शाबूत होतं. जिवात जीव यायला हवा होता. शीलानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"सर, मी ऊस तोडत होती."

"अवं हळू बोल!" बाबूंनी मागं दाराकडं पाहिलं. "हा अर्ज कोनाले दाखवला काय?"

"नाई."

"झालं तर. हात दाखवून अवलक्षन कायले करतं? पटावर पोरं नसली तर तुकडी तुटते. तुकडी तुटली तर मास्तराईची नौकरी जाते. अन् तुही हजेरी भरली नाई तर तुले परीक्षेले कोन बसू देते? सांग." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. एखाद्या भाबड्या पोरीला चार गोष्टी सांगाव्यात तसंच ते सांगत होते, आणि तेच जास्त वाईट होतं. "हे चार तक्ते हायेत, महिन्याचे. तुह्या सह्या राह्यल्या. कर, अन् परीक्षेचा फॉर्म ने."

तक्त्यावर छापलं होतं: मी सदर महिन्यात नियमित उपस्थित होते.

पेन शीलाच्या बोटांत बसेना. कोयत्यानं तळहाताला घट्टे पाडले होते, तर्जनीवर पातीची चीर होती. बाप म्हणाला होता, नाव असन तर शीक. नाव होतं. तिनं नोव्हेंबरवर सही केली, डिसेंबरवर केली. जानेवारीत तिला ताप असताना आईनं तिच्या वाट्याच्या मोळ्या वाहिल्या होत्या, त्यावरही केली. फेब्रुवारीच्या सहीला हात सरावला होता.

बुक अजून तिच्याकडंच तोंड करून होतं. पानं मागं उलटत ती सप्टेंबरवर आली.

"सर, हे काय?"

बारा तारखेच्या रकान्यात तिच्या नावापुढं 'गै' होतं.

"ते होय? शंभर टक्के भरली तं तपासनीवाले नाक खुपसतात. म्हून ज्याच्या त्याच्या नावावर एखादा खाडा टाका लागते. तुह्यावर एकच आला. नशीबवान हायेस."

"पन त्या दिवशी मी होती, सर. मी एकटीच होती."

"बरं मंग?"

"तेवढा एक हजर करा. बाकीचे राहू द्या. तेवढा करा."

जगदेवबाबूंनी तिच्याकडं नीट पाहिलं, पहिल्यांदाच. मग हसले. "बेरीज झाली बाई. खाली सायबाची सही झाली. आता खोडाखोड चालत नाई." त्यांनी फॉर्म आणि अर्ज दोन्ही बाहेर सरकवले. "हा चुलीत घाल."

तिनं अर्जाच्या जुन्याच घड्या घातल्या. तो डब्यात ठेवला आणि झाकण दाबलं.

मोटरस्टँडवर इंझोरीची जीप भरत होती. शीला चढणार तोच मागून हाक आली.

"शीला! राठोड!"

गावंडे सर. डोक्याला रुमाल, हातात पेन्शनच्या कागदांची पिशवी. वर्षभरात वाळले होते, पण आवाज तोच, प्रार्थनेच्या रांगेतला. ती वाकून पाया पडली. एवढ्या दिवसांत तिचं नाव घेऊन मारलेली ही पहिलीच हाक, आणि तिचे डोळे भरून आले.

"कॉलेजातून आली ना? वा!" सरांची नजर तिच्या हातांवर गेली. "हरभरा सोंगला वाटते सुट्टीत. सोंगा, पन अभ्यास सांभाळून. हा डबा अजून हाये का तुह्यापाशी?" त्यांनी झाकणावरून अंगठा फिरवला, अक्षरं वाचली आणि खूश झाले. "मी आमच्या गावात साऱ्याईले सांगतो, पोरगी तांड्यावरची, पन तीन वर्षांत एक खाडा नाई. अन् यंदा? किती झाले खाडे?"

शीलानं तोंड उघडलं. सांगायचं होतं ते सगळं घशाशी आलं होतं, आजी, ट्रक, फाटकाचं कुलूप. समोर सर डबा हातात घेऊन हसत उभे होते.

"एक," ती म्हणाली.

"एक?" हसू मावळलं. "कोनता?"

"बारा सप्टेंबर."

"काहून? बिमार होती?"

"नाई सर."

"मंग अर्ज तरी देला होता काय?"

सरांनी डबा परत केला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"नाई सर."

"पाय, इथंच चुकते मानूस. हायस्कूलात मी होतो घरी याले. कॉलेजात कोनी येत नाई पोरी, इथं आपली हजेरी आपनच सांभाळा लागते." सरांनी बोट उगारलं, वर्गात उगारायचे तसंच. "पुढच्या बारीले दिवस बुडाला तर अर्ज द्याचा. खरं कारन लिहून. ध्यानात राहीन?"

जीपवाला "इंझोरी, इंझोरी" ओरडत होता. शीला ताठ उभी राहिली.

"हो सर," ती म्हणाली.