एक थाऊ मोकळीक

किर्र.

पितळ कोरडं फिरलं की असं ओरडतं. मला ते ठाऊक नव्हतं. वर स्वयंपाकघरात बसलेल्या माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं.

*

माझा नवरा मर्ल. त्याची रायफल शिकारीची नव्हे, नेमबाजीच्या शर्यतीची. बाकावर बसायचं, लांबवर निशाण्याचा कागद लावायचा आणि पाचही गोळ्या एकाच भोकातून घालायच्या. काडतूस बसतं ते चेंबर त्याने मुद्दाम इतकं तंग करून घेतलेलं, की कारखान्यातली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, त्यात जातच नाही. प्रत्येक पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरणारं तिचं टोक, हाताने तासावी लागते. गोळी बसवल्यावर मानेभोवती मोकळीक उरायची एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्याहून कमी उरली तर मान गोळीला सोडत नाही आणि बंदूक तोंडावर फुटू शकते. जास्त उरली तर एवढा खटाटोप केलाच कशाला?

उन्हाळ्यात मर्लच्या हातांना कंप सुटला.

नेमाचं त्याने काही बिघडत नाही. रायफल वाळूच्या पिशव्यांवर आपली आपण निजलेली असते, माणसाने फक्त ट्रिगरला बोट लावायचं. पण थाऊ थाऊ तासणं कापऱ्या हातांचं काम नाही. जुन्या पुंगळ्यांच्या माना तडकत गेल्या, नव्या तासायच्या राहिल्या. आणि आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरांत नेमबाजांचा एक हट्ट आहे: दुसऱ्याने तासलेली पुंगळी घेऊन बाकावर बसायचं नाही.

म्हणून त्याने ऑरिनला फोन केला. ऑरिन बंदुका दुरुस्त करतो.

"नळी घेऊन जा. चेंबर रुंद कर. बाजारातली पुंगळी जाईल असं."

एकदा कापलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. मर्लने फोन ठेवला आणि त्यानंतर घरात फक्त रेडिओ बोलत राहिला. चेंबर रुंद झालं की तो त्या रायफलीला हात लावणार नाही, हे मला कळत होतं. बाकावर जाणार नाही. खिडकीशी बसेल, आणि मी येता-जाता त्याच्या कपात कॉफी ओतत राहीन.

ऑरिन आज जेवणानंतर येणार होता. सकाळीच मी नव्या पुंगळ्या तासायला तळघरात उतरले.

*

किर्र.

जिन्यावर पावलं, एक पायरी चुकलेली, एक शिवी.

"तेल! मानेच्या आत तेल लावलंस का, बाई?"

"कुठलं तेल?"

"कुठलं तेल म्हणे! अगं, कोरडं पितळ अवजाराच्या खुंटीवर चिकटून बसतं."

"बसलंय."

"बघू." त्याने बघितलं. "बसलंय."

"मग आधी सांगायचं होतंस."

"तू विचारलंस?"

"तू बोलत होतास?"

त्याने पक्कड शोधून माझ्या हातात दिली आणि अवजार पोटाशी धरून बसला. मी पुंगळी ओढली. आधी पुंगळी आली नाही, मर्ल आला, स्टुलासकट. मग पुंगळी आली आणि मी मागे भिंतीवर आदळले.

कितीतरी दिवसांनी तो हसला. दात न लपवता.

*

तेल. खुंटी. पातं मानेला टेकवायचं, हळू फिरवायचं. पितळेचे बारीक कुरळे केस बाकावर पडत जातात. मायक्रोमीटर मी धरायचा, वाचायचा त्याने.

"बरोबर."

पुढची.

"बरोबर. आता थांब, अवजार तापलं असेल. तापलं की खुंटी फुगते, मग मान जास्त तासली जाते. मी अशा वेळी पाण्यात बुडवतो आणि…" त्याने ताप बघायला हात लावावा तसा अवजाराला गाल लावला. "तापलं नाहीये."

मग त्याने माझे हात धरले. त्याचा कंप माझ्या कोपरापर्यंत आला.

"बर्फ आहेत नुसते. अवजार तापेल कसं?"

"लग्न झाल्यापासून ओरडतोयस त्यावरून."

"मी पायांवरून ओरडतो. हातांना कधी काही म्हटलंय?"

*

मी विचारलं, "पण तू वापरशील या?"

त्याने गोळ्यांचा डबा पुढे ओढला.

*

बारूद न घालता त्याने एका पुंगळीत गोळी दाबून बसवली. यंत्राचा दांडा मोठा आहे, तेवढं त्याला जमतं. काडतूस चेंबरमध्ये सारलं. चेंबर बंद करणाऱ्या बोल्टच्या मुठीवर करंगळी ठेवली. मूठ आपल्या वजनाने खाली गेली, झोपलेल्या माणसाचा हात जावा तशी.

काढलं. मानेवर कुठे खरचटल्याची खूण आहे का, ते दिव्याखाली फिरवून बघितलं. पुन्हा घातलं. पुन्हा काढलं.

*

ऑरिन जिन्यावरूनच ओरडत आला. "कुठाय ती नळी? पटकन दे, घरी बायकोने—" आणि बाकाकडे बघून थबकला. "या कोणी तासल्या?"

"लव्हॉनने," मर्लने माझं नाव सांगितलं.

"हां." ऑरिनने टोपी मागे सारली. "मर्ल, राग नको येऊ देऊस. पण गेल्या वर्षी त्या पोटरला तूच बाकावरून उठवलंस. दुसऱ्याने तासलेल्या पुंगळ्या आहेत म्हणून."

माझा हात थांबला. मर्ल पितळेचा चुरा बोटाने एका जागी गोळा करत राहिला. कंपामुळे तो पुन्हा पुन्हा पसरत होता.

"दुसऱ्याने," तो म्हणाला. "ही दुसरी कुठाय?"

ऑरिनने माझ्याकडे बघितलं, मग रायफलीकडे.

"म्हणजे नळी न्यायची नाही?"

"नाही."

"मग मी वीस मैल आलो कशाला?"

"बस की," मर्ल म्हणाला. "पण जरा बाजूला. तिच्या उजेडात येतोयस."