सहा गिअरांची हौस

मी एक जुनी लेडीज सायकल आहे. रंग काळा, दांडी बाकदार, मागच्या चाकाला जाळी. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हिच्याजवळ सांगण्यासारखे काय असणार? तसे फार नाही. पण एका वर्षी माझ्या अंगावर एक हौस भागवून घेण्यात आली. ती सांगितल्याशिवाय माझा जीव काही थंड होणार नाही.

कारखान्यातून मी सुट्या भागांत, गोणपाटात बांधून पांढुर्ण्याला आले. तिथल्या बाजारात एका दुकानदाराने मला जोडले आणि १९७८ साली विजयाबाईंनी विकत घेतले. त्या नुकत्याच नर्स झाल्या होत्या. घर सौंसरला, नोकरी बोरगावच्या आरोग्य उपकेंद्रात. माझ्या हँडलला त्यांची पिशवी असे, कॅरिअरवर लशीची पेटी. पेटीत बर्फ असायचा आणि तो विरघळण्याआधी आम्हाला गाव गाठावे लागायचे. माझी घंटी ऐकली की पोरे टोचून घ्यायच्या भीतीने कणगीमागे लपायची आणि आया त्यांना कान धरून बाहेर काढायच्या. अशी आमची कीर्ती होती.

माझ्या अंगावरची सर्वांत कामाची वस्तू कोणती, ते सांगू? चेनकव्हर. पत्र्याचे, पूर्ण झाकलेले. त्यामुळे विजयाबाईंच्या साडीला आठ वर्षांत एकदाही तेलाचा डाग लागला नाही. त्या दर रविवारी कव्हरच्या भोकातून तेलाचे चार थेंब सोडायच्या. एवढ्यावर मी खूश होते.

बोरगावच्या पुढे आमढाना नावाची डोंगरातली वस्ती होती. तिथे जाताना कोसभर चढाव लागे. चढाव आला की विजयाबाई उतरायच्या आणि मला हाताने ढकलत न्यायच्या. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. त्यांनाही वाटला नाही. वाटला तो त्यांच्या यजमानांना.

अरविंद मास्तर सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवत. माणूस मनाने चांगला, पण नवीन यंत्र दिसले की त्यांचे भान सुटे. १९८६ च्या पावसाळ्यात त्यांनी कुठल्याशा मासिकात परदेशी सायकलचे चित्र पाहिले. डोंगर चढणारी सायकल! जाड टायर, मागे दातेरी चकत्यांची उतरंड, हँडलवर एक खटका. खटका सरकवला की टक आवाज होतो आणि चेन आपोआप दुसऱ्या चकतीवर जाते. आठवडाभर जेवताना त्यांनी हेच वाचून दाखवले. विजयाबाई भाकरी वाढता वाढता हूं हूं म्हणत होत्या. ते हूं म्हणजे होकार, असे मास्तरांनी धरले.

दिवाळीच्या तोंडावर सणाचा अ‍ॅडव्हान्स हातात पडला आणि मास्तर छोट्या लाईनच्या आगगाडीने नागपूरला गेले. परत आले ते सहा गिअरांचा संच घेऊन. तिथल्या दुकानदाराने तो मुंबईहून मागवून ठेवला होता. किंमत अकराशे रुपये. मित्रांनो, मी स्वतः, अख्खी, दोन चाके आणि घंटीसकट, चारशेला आले होते! विजयाबाईंना किंमत सांगितली तेव्हा त्या खाली बसल्या. पण मास्तर म्हणाले, तुझे पाय दुखतात म्हणूनच आणला.

बसस्टँडजवळच्या नत्थूजी मिस्त्रीकडे मला उलटे टांगले. नवा संच माझ्या मागच्या चिमट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत, मावेना. तेव्हा लाकडी ठोकळा घालून तो चिमटा फाकवला. माझी हाडे कशी करकरली ते मलाच ठाऊक. जुनी चेन काढून पातळ चेन घातली. खाली चेन सरकवायला एक लोखंडी लोंबते लावले, मोडलेल्या पायासारखे. शेवटी नत्थूजींनी माझे कव्हर उचलले, इकडून तिकडून लावून पाहिले आणि खाली ठेवले.

"मास्तर, कवर बसत नाई आता. चेन आडवी सरकते ना."

"राहू दे. परदेशातल्या सायकलले कुठं असते कवर?" मास्तर म्हणाले.

परदेशात साडी कोण नेसते, हा साधा प्रश्न तिथे उभ्या असलेल्या एकाही शहाण्याला सुचला नाही. मला सुचला, पण मला विचारतो कोण?

शनिवारी मास्तर मला जामसांवलीला घेऊन गेले. मारुतीपुढे नारळ फुटला, माझ्या हँडलला हार पडला. माणसे जमून किंमत विचारत होती आणि मास्तर हौसेने सांगत होते. त्यांनी पँट घातली होती आणि रस्ता सपाट होता. गिअर सुरेख चालले.

खोटे कशाला बोलू, पहिल्यांदा आमढान्याचा चढाव चढताना मलाही नवल वाटले. विजयाबाई अर्ध्यापर्यंत न उतरता गेल्या. पाय भरभर फिरत होते आणि दम लागत नव्हता. यंत्रात गुण होता, हे मी नाकारत नाही. पण त्याला स्वच्छ सडक हवी, रोज पुसणे हवे आणि त्याची नाडी ओळखणारा कारागीर हवा. आमच्याकडे होती फुफाट्याची धूळ! पंधरा दिवसांत खटका एक सांगे आणि चेन दुसरेच करी. मास्तर रोज संध्याकाळी एक स्क्रू आवळायचे, दुसरा सैल करायचे आणि म्हणायचे, आता झाले. दोनदा खटक्याची तार तुटली. ती सौंसरला मिळेना, पांढुर्ण्यालाही मिळेना. दोनदा नागपूरची वारी झाली. इकडे विजयाबाईंच्या चार साड्यांचे काठ काळे झाले. त्यांनी ते सांगितले, तर मास्तरांनी निऱ्यांना लावायला चिमटा आणून दिला. कपाळ माझे!

माघात शेजारच्या गावात गोवर आला. आमढान्याच्या आया आधी लेकरांना टोचून घ्यायला तयार नव्हत्या. विजयाबाई सहा महिने त्यांच्या दारी जाऊन बसत होत्या, तेव्हा कुठे त्या कबूल झाल्या होत्या. अट एकच होती. दुपारी त्यांना संत्र्याच्या तोडीला जायचे होते, म्हणून सिस्टरने त्याआधी यायचे.

त्या दिवशी ऊन चढत होते. चढावाच्या मध्यावर विजयाबाईंनी खटका सरकवला. चेन चकत्या ओलांडून थेट आऱ्यांत जाऊन अडकली, आणि त्याच झटक्यात साडीचा काठ पुढच्या दातेरी चकतीत ओढला गेला. आम्ही दोघी आडव्या पडलो. विजयाबाईंनी पडता पडता पेटी छातीशी धरली. गुडघा फुटला, पेटी वाचली. पण साडी अशी आवळली होती की त्यांना उठताही येईना. जितके पायडल मागे फिरवावे तितकी ती जास्तच गुंतत होती.

शेजारच्या संत्र्याच्या बगीच्यात शकुबाई नावाची मजूरबाई गवत कापत होती. धावत आली. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा साडीकडे, आणि हातातला विळा वर केला.

"बाई, चांगली साडी हाय. कापू कशी?"

"काप मावशी. बर्फाचं पानी होऊन राहिलं."

शकुबाईने वीतभर काठ कापला. विजयाबाईंनी पदर खोचला, त्या तुकड्याची चुंबळ केली, पेटी डोक्यावर घेतली आणि लंगडत चढू लागल्या. मी बांधावर पडून राहिले. ज्या कामासाठी माझा जन्म, ते काम डोक्यावर चालले होते आणि माझ्या अंगावर अकराशे रुपयांचा साज होता. मित्रांनो, लाजेने गंजावे असे वाटले.

तिसऱ्या प्रहरी त्या परत आल्या. शकुबाईला म्हणाल्या, बाया निघायच्या बेतात होत्या, गुडघ्याचं रक्त पाहून थांबल्या. चौदा लेकरे टोचून झाली होती. मग मला एका बाजूने उचलून त्यांनी घरापर्यंत ओढत नेले.

मास्तर ओट्यावर होते. ते धावत आले आणि आधी माझ्या मागच्या चाकाशी वाकले.

"कोणत्या गिअरवर होती?" त्यांनी विचारले.

विजयाबाई ओरडल्या नाहीत. कापलेला काठ त्यांनी मास्तरांपुढे धरला.

"तुमी सहा गिअर मोजले. मी साडी नेसते, हे नाई मोजलं. सायकल माही, चढाव माहा. मले एकदा इचारलं असतं."

मास्तरांनी मग गुडघा पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. आतून पाणी आणून त्यांनी स्वतः जखम धुतली.

दुसऱ्या दिवशी मास्तर मला ढकलत नत्थूजींकडे घेऊन गेले. कव्हरमध्ये नत्थूजींनी पाने-पेचकस अशी हत्यारे ठेवली होती. ते रिकामे करून, ठोकून सरळ करून परत बसवले. फाकलेला चिमटा दाबला, पण मी अजून किंचित डावीकडे ओढते. ते आता जन्माचेच झाले. गिअर परत घ्यायला नागपूरचा दुकानदार तयार झाला नाही. तो संच वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर पडला आहे. मला त्या बिचाऱ्याचाही राग येत नाही.

मित्रांनो, नवे यंत्र जरूर घ्या. पण ते ज्याच्या हाती देणार, त्याला आधी विचारा: कुठे जातोस, काय नेसतोस, तुझे काय अडते? आणि घेतले तर त्याची निगा शिकून घ्या. नुसती किंमत मोजल्याने वस्तू आपली होत नाही.

पुढच्या रविवारी मास्तर हातात चिंधी घेऊन माझ्यापाशी बसले. त्यांनी पान्याला हात लावला नाही. आत पाहून विचारले, "विजया, काय काय करायचं हिचं?"

विजयाबाई पिठाचे हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पुढचा ब्रेक ढिला हाय. बसा, दाखवते."