मी, सेरदोची हवेची उशी

मित्रांनो, मी उशी आहे खरी, पण माझ्यावर डोकं ठेवून कुणी झोपल्याचं मला आठवत नाही. माझ्या पोटात कापूस नाही, ऑक्सिजन असतो. मी निळ्या रबरी कापडाची. एका कोपऱ्यातून नळी निघते, नळीला छोटीशी तोटी आणि टोकाला नाकात बसतील अशी दोन बोंडं. माणसानं मला खांद्याला अडकवायचं, तोटी उघडायची आणि काखेत धरून हळूच दाबत राहायचं. आता माझ्या शिवणी चिरल्या आहेत. पण एके काळी उंच डोंगरातल्या सेरदो गावात माझ्यावाचून पाहुण्यांचं पान हलत नसे, हे मी जरा तोऱ्यातच सांगते.

माझा जन्म खाली सखल मुलखातल्या कारखान्यात झाला. तिथल्या बायका आमच्या शिवणी गरम पट्टीखाली दाबून चिकटवायच्या आणि मग आम्हाला पाण्याच्या टाकीत बुडवायच्या. बुडबुडा आला की उशी बाद. माझ्यातून एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा एक बाई म्हणाली, "ही वर जाईल." वर म्हणजे कुठे, ते मला काय ठाऊक?

मग ट्रकात बसून निघाले. त्या तपासणीची चिमूटभर हवा माझ्या पोटात राहून गेली होती. घाट सुरू झाला आणि काय सांगू, कुणी हात न लावता मी फुगायला लागले! जितकं वर जावं, तितकं माझं पोट मोठं. खिंडीत ड्रायव्हरनं ताडपत्री उघडली नि आम्हाला टम्म फुगलेलं बघून हसला. "बाहेरची हवा पातळ झाली की आतली अशी माजते," तो म्हणाला. मी मात्र त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. कारखान्याच्या पत्र्याखेरीज मी दुसरं काही पाहिलेलं नव्हतं. आकाश एवढं मोठं असतं, एवढं गडद निळं असतं, आणि त्याच्याखाली डोंगरांच्या रांगा अशा संपतच नाहीत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. उरलेली सारी वाट मी ताडपत्रीच्या फटीतून बघतच राहिले.

सेरदोला मी छोकीताईच्या घरी आले. तिचं पाहुणघर फक्त वयस्क माणसांसाठी होतं. सगळ्या खोल्या तळमजल्यावर, अंथरुणात गरम पाण्याच्या पिशव्या, आणि गावातल्या बौद्ध मठाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर तिनं स्वतः ठेवलेली बाकडी. येतानाही ती पाहुण्यांना खालच्या खोऱ्यात मुक्काम करायला लावून सावकाश वर आणायची. पहिल्या दिवशी आंघोळ नाही, जिना नाही, पोटाला तड लागेपर्यंत जेवण नाही. एकदा एक आजोबा तिच्यावर डाफरले, "मी घरी रोज नदीकाठानं धावतो!"

"धावा की आजोबा," छोकीताई चहा ओतत म्हणाली. "तिथं हवा फुकट होती."

आजोबा अंगणातून जेमतेम फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन मुकाट्यानं माझी नळी नाकात घालून बसले. अशी किती माणसं माझ्या कुशीत शांत झाली! रात्रभर कण्हणारं माणूस सकाळी लोण्या-मिठाचा चहा मागायचं, तेव्हा माझी छाती फुगायची. म्हणजे, खरं तर रिकामी झालेली असायची.

मला मोजत नव्हती ती एकच व्यक्ती, छोकीताईची आई, युदोनआजी. तिची ऐंशी कधीच उलटून गेली होती. रोज सकाळी जपमाळ घेऊन मठाला प्रदक्षिणा घालायची. मठ उजव्या हाताला ठेवून चालायचं आणि एकदा निघालं की मागे फिरायचं नाही, हा तिथला रिवाज. मला खुंटीवर बघून ती म्हणायची, "खालची माणसं हवासुद्धा पिशवीतून आणतात. उद्या ऊन डब्यातून आणतील." मला राग यायचा, पण उशीनं बोलायचं कसं?

मग शियोंगबाई आल्या. खाली सखल मुलखातल्या चेंगडू शहराच्या. चाळीसेक वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या. सेरदोच्या मागे जो बर्फाचा मोठा डोंगर आहे, ज्याला तिथली माणसं जोवो म्हणजे धनी म्हणतात, त्याची उंची, त्याच्यावरची हिमनदी, त्यातून निघणारे ओढे, सगळं त्यांनी किती पिढ्यांकडून घोकून घेतलं होतं. डोंगर मात्र कधी पाहिला नव्हता. नोकरी, मग मुलं, मग गुडघे. आता डॉक्टर म्हणाले होते, हृदय बघता यापुढे उंचावर जायचं नाही. लेक तर येऊच देत नव्हती. "एकदाच," असं कबूल करून बाई आल्या होत्या.

आणि जोवो काही दिसेना. रोज ढग. तो दिसतो तो मठामागच्या कोपऱ्यावरूनच, प्रदक्षिणेच्या अर्ध्या वाटेवर. शेवटच्या सकाळी, दुपारी गाडी खाली जाणार म्हणताना, युदोनआजीनं आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, चला. आज काही सांगता येत नाही." बाजारात लोणी विकून विकून आजीला बाईंची भाषा येत होती, फक्त तिच्या तोंडी ती जरा भांडल्यासारखी वाटायची. छोकीताईनं मला टच्च भरून बाईंच्या खांद्याला अडकवलं आणि बजावलं, "आईच्या नादाला लागून घाई करू नका. स्वयंपाक टाकून आलेच मी मागून."

दोघी निघाल्या. बाईंच्या नाकात माझी नळी, आजीच्या हातात माळ. वाटेवर एक माणूस साष्टांग दंडवत घालत पुढे सरकत होता. आडवा व्हायचा, उठायचा, जिथे कपाळ टेकलं तिथे पाय ठेवायचा. बाई थांबून बघत राहिल्या. म्हणाल्या, "याला कुठली हवा पुरते हो?" आजी म्हणाली, "त्यालाच विचारा, मला कशाला?"

कोपऱ्याच्या खालच्या चढावर आजी अचानक बाकड्यावर बसली. तोंड राखेसारखं झालं होतं. माळ हातातून सुटली. बाईंनी एका क्षणात नळी आपल्या नाकातून काढून तिच्यापुढे धरली.

"नको," आजी म्हणाली. "पाहुण्याच्या तोंडचं मी घेत नाही."

"ताई, घ्या."

"तुम्हाला वर जायचंय. तुमचं आहे ते."

"मी नंतर घेईन, आधी तुम्ही."

"छे, आधी पाहुणा."

मित्रांनो, त्या मुलखात चहाचा पेला आला तरी आधी नको म्हणायचं आणि देणाऱ्यानं पुन्हा पुढे करायचा, हीच रीत. बाईंच्या गावीही तेच. दोघी आपापल्या संस्काराला जागत होत्या. नळी इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि माझी तोटी उघडी! माझं पोट खपाटीला चाललं होतं. माझा श्वास कुणाच्याच नाकात न जाता वाऱ्यावर उडून जात होता. मी सूं सूं करून ओरडत होते, पण ऐकतंय कोण? एवढ्या वर्षांत मी इतकी घाबरले नव्हते.

शेवटी शियोंगबाईंच्या अंगात वर्गातल्या बाई संचारल्या. "युदोन! नाक पुढे कर!"

आजीनं पहिलीतल्या पोरीसारखं नाक पुढे केलं. बाईंनी मला पोटाशी धरलं आणि उरलासुरला सगळा ऑक्सिजन हळूहळू तिला दिला. आजीच्या ओठांवर रंग आला. मी सपाट झाले.

आता बाईंना स्वतःलाच दम लागला. त्यांनी चढाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डोळ्यांत पाणी होतं. "राहू दे जोवो," त्या म्हणाल्या. "मागे फिरू या. पाहुणघराचं फाटक मागूनच जवळ आहे."

"मागे?" आजी उसळली. "मेले तरी मागे नाही." मग तिनं पडलेली माळ उचलली आणि बाईंचा हात धरला. आवाज खाली आला. "तुमच्या हवेवर मी तगले. आता माझ्या हवेवर तुम्ही चाला. एक मणी, एक पाऊल. मणी ओढून होईपर्यंत पाय उचलायचा नाही. दम लागला तर उभं राहायचं, लाज वाटून घ्यायची नाही."

तेवढ्यात छोकीताई धापा टाकत पोचली. दोघींचे चेहरे बघून ती आईवर संतापली, बाईंवर संतापली आणि तोटी उघडी दिसल्यावर सगळ्यात जास्त संतापली. पण आजीनं तिला एका बाजूला उभं केलं, बाईंना मध्ये घेतलं. तिघी चालायला लागल्या. एक मणी, एक पाऊल. मी रिकामी, बाईंच्या खांद्यावर लोंबत होते. माझ्यावाचून माणसं चढू शकतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं.

कोपऱ्यावर आलो तर समोर नुसता पांढरा ढग. तिघी बाकड्यावर बसल्या. छोकीताईनं थर्मास उघडला, सातूच्या पिठाचे गोळे हातावर ठेवले. आणि खाता खाता ढग मधोमध फाटला.

आधी वाटलं, आणखी एक ढग आहे. इतक्या उंचावर डोंगर असेल असं वाटेचना! मग उन्हानं कडा उजळल्या आणि जोवो पुरता उभा राहिला, आमच्या मठाच्या, गावाच्या, सगळ्या डोंगरांच्या वर, एकटा. मित्रांनो, मी हवेची उशी, मला श्वासाबद्दल थोडंफार कळतं. त्या क्षणी तिघींचाही श्वास थांबला होता. शियोंगबाई उभ्या राहिल्या, त्यांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि हात बाजूला सोडून, शाळेत झेंड्यापुढे मुलं राहतात तशा उभ्या राहिल्या. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसलंही नाही.

बऱ्याच वेळानं आजीनं विचारलं, "मास्तरीणबाई, किती हो उंच आहे आमचा धनी? तुम्ही शिकवायचात ना?"

बाईंनी आठवून पाहिलं. ओठ हलले. मग त्या हसल्या.

"विसरले," त्या म्हणाल्या.

आता प्रत्येक खोलीत हवा देणारी यंत्रं आली आणि मी कोठारात पडून आहे. कुठे माझी बहीण दिसली, तर तिच्यावर बसू नका, उन्हात टाकू नका, तोटी नीट बंद करा. आणि कुणी आपला श्वास काढून तुमच्यापुढे धरला, तर नको नको म्हणत बसू नका, मित्रांनो. लगेच घ्या. तोटी उघडी असते.